चिकटलेला ब्रेक कॅलिपर घरी उघडून दुरुस्त करताना

पेडलवरचा पाय काढला की ब्रेक पॅड डिस्कला सोडतात. ड्रम ब्रेकमध्ये हे काम दणकट स्प्रिंगा करतात. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या पकडीत, पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग मात्र नसते. तिथे पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं, कॅलिपरच्या आतल्या खाचेत बसवलेलं. पेडल दाबल्यावर पिस्टन पुढे सरकतो आणि सीलची आतली कड त्याला धरून थोडी पिळवटते. दाब गेला की रबर मूळ आकारात येतं आणि पिस्टनला स्वतःबरोबर मागे आणतं. हे मागे येणं फार तर मिलीमीटरचे काही दशांश असतं. तेवढ्यावर चाक मोकळं फिरतं की घासत फिरतं, हे ठरतं.

दुसरीकडे पुढे ढकलणारा जोर बघा. ५४ मिलीमीटर व्यासाच्या पिस्टनवर ५० बारचा दाब आला तर सुमारे साडेअकरा हजार न्यूटन, म्हणजे अकराशे किलोहून जास्त वजनाचा रेटा तयार होतो. थोडा गंज असला तरी पुढे जाताना पिस्टन तो चिरडून जातो, त्यामुळे ब्रेक लागतो आणि गाडीत सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. परत येताना मात्र भिस्त फक्त रबराच्या लवचिकपणावर असते. झिजलेल्या कॅलिपरची तक्रार बहुतेक वेळा ब्रेक न सुटण्याचीच का असते, ते यावरून कळतं. पुढे जे जे करायचं आहे ते या रबराला त्याचं काम पुन्हा नीट करता यावं म्हणून आहे, हे लक्षात ठेवलं की कुठे घासायचं आणि कुठे हात लावायचा नाही ते आपोआप सुचत जातं.

या लेखात बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना असतो तो एका पिस्टनचा सरकता कॅलिपर धरला आहे. यात पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढतो. म्हणजे पिस्टन आणि पिना अशा दोन ठिकाणी हालचाल मोकळी असावी लागते.

दोष नेमका कुठे आहे

कॅलिपर उघडण्याआधी अर्धा तास निदानाला द्या. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा ते टाळलं होतं. चाक धरत होतं म्हणून सरळ सीलचा संच आणला, दिवसभर खपून सगळं बदललं, आणि दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा तसंच तापलं. दोष होज पाइपचा, म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा होता. जुन्या होजचा आतला थर सुटून झडपेसारखा वागायला लागतो. पेडलच्या दाबाने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. गाडी थोडी चालवून, चाक धरतंय अशा अवस्थेतच ती जॅक स्टँडवर घ्या आणि चाक हाताने फिरवून बघा. मग कॅलिपरच्या ब्लीडिंग निपलला, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूला, नळी लावून तो क्षणभर ढिला करा. थोडं ऑइल जोरात बाहेर आलं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब आत अडकून होता. अशा वेळी संशय होजवर किंवा मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणाऱ्या पंपावर) घ्या. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट राहिलं, तर पिस्टन, पिना किंवा पॅड अडकले आहेत. निपल लगेच बंद करायला विसरू नका.

पॅडची झीजही बरंच सांगते. दोन्ही पॅड काढून शेजारी ठेवा. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर एक पिन जाम आहे किंवा पॅडचा कान (टोकाचा भाग) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीत, अडकतोय. बाहेरचा पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवरून परत सरकत नाही. आतला पॅड खूप जास्त झिजला असेल तर पिस्टन न परतणं आणि पिना जाम होणं या दोन्ही शक्यता उरतात. कॅलिपर हाताने मागेपुढे सरकवून बघितलं की त्यातली कोणती खरी ते समजतं. हाताच्या साध्या जोराने तो सरकलाच पाहिजे.

चालत्या गाडीत गाडी एका बाजूला ओढणं, जळका वास, एका रिमवर जास्त काळी पूड, उतारावर सोडूनही गाडी न घरंगळणं या खुणा असतात. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर फार ब्रेक न लावता पाच-सात किलोमीटर चालवून डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान ताडून बघा. एका आसावरच्या दोन डिस्कमध्ये मोठा फरक असेल तर तापलेल्या बाजूकडे जा. डिस्कला हात लावून तापमान बघू नका, ती क्षणात भाजते.

घरी काय करावं आणि काय करू नये

पिना साफ करणं, बूट (धूळ-पाणी अडवणारी रबरी आवरणं) बदलणं, ब्रॅकेट घासणं हे कुणीही सवडीने करू शकेल. पिस्टन काढून सील बदलणं जरा वरच्या पायरीचं आहे, पण आवाक्यातलं आहे. मागच्या चाकांचे ज्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आत असते ते वेगळे. त्यांचा पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, तो फिरवत आत घ्यावा लागतो, आणि आतल्या स्क्रूची जुळणी खास हत्यारांशिवाय नीट होत नाही. त्यांच्या पिना आणि पॅड घरी बघा, आतून गळत असेल तर पूर्ण कॅलिपर बदला. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने किंवा उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने तो सर्व्हिसच्या स्थितीत नेल्याशिवाय मागच्या कॅलिपरला हातच लावू नका, मोटर मोडू शकते.

दोन भाग बोल्टने जोडलेले जे कॅलिपर असतात ते दोन भाग वेगळे करू नका, असं बहुतेक उत्पादक सांगतात. तेही ऐकावं.

सामान

गाडीच्या नेमक्या मॉडेलचा आणि कॅलिपरच्या नेमक्या मापाचा सीलचा संच आधी हातात घ्या. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या मापांचे पिस्टन येऊ शकतात, त्यामुळे कॅलिपरवर कोरलेला आकडा किंवा पिस्टनचा व्यास बघूनच मागवा. संचात चौकोनी सील, धुळीचा बूट, पिनांचे बूट आणि बहुधा निपलचं टोपण असतं. त्याशिवाय बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दोन नवे तांब्याचे वॉशर, गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या टोपणावर लिहिलेल्या दर्जाचं न उघडलेलं ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीच बनवलेलं सिलिकोन ग्रीस, पारदर्शक नळी, बाटली, वायर ब्रश, टॉर्क पाना आणि दोन जॅक स्टँड लागतात. डोळ्यांवर चष्मा आणि हातात नायट्राइलचे हातमोजे घाला.

ग्रीसबाबत मी आग्रही आहे. कॅलिपरमधलं रबर ब्रेक ऑइलमध्ये टिकेल असं केलेलं असतं, पण खनिज तेलात ते फुगतं आणि मऊ पडतं. बेअरिंगचं ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली यांतलं काहीही सीलला, बुटाला किंवा पिनेला लावलं तर काही महिन्यांत तीच पिन फुगलेल्या रबरात पुन्हा अडकते. त्याच कारणाने पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने कॅलिपर धुऊ नये. ब्रेक क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा.

ऑइलच्या दर्जाचाही घोळ होतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकोल जातीचे, तर डॉट ५ हे सिलिकोनचं, आणि ते आधीच्या तिघांत मिसळायचं नसतं. कोरड्या अवस्थेत डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. उघडून ठेवलेली अर्धी बाटली म्हणूनच वापरू नये. हे ऑइल रंग खातं. बॉडीवर थेंब पडला तर पुसत बसण्याआधी भरपूर पाणी ओता, ग्लायकोलचं ऑइल पाण्यात विरघळतं.

गाडी उचलणं, आणि सगळ्यात आधी निपल

सपाट, टणक जमीन हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा, मग उचलून गाडी जॅक स्टँडवर टेकवा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या बाजूला बसू नका. चाक निघालं की ते गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

आता बाकी कशालाही हात न लावता ब्लीडिंग निपल सुटतो का ते बघा. कॅलिपर गाडीला घट्ट बोल्टवर असताना त्याला जितका जोर देता येतो तितका नंतर टेबलावर देता येत नाही. षटकोनी बॉक्स पानाच वापरा, बारा कोनी पान्याने निपलचे कोपरे गोल होतात. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, हळू ठोका, थोडं आवळून मग सोडा. निपल तुटलाच तर कॅलिपर बदलायचा निर्णय तिथेच होतो आणि पुढची मेहनत वाचते. बँजो बोल्टही याच वेळी किंचित ढिला होतो का ते पाहून पुन्हा आवळून ठेवा.

पिस्टन बाहेर काढणं

पिनांचे बोल्ट काढून कॅलिपर ब्रॅकेटवरून उचला आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. तो होजवर लोंबकळू देऊ नका.

पिस्टन काढायला पुष्कळ लोक हवेचा कॉम्प्रेसर वापरतात. हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असेल तर ते चिरडतं. घरी त्यापेक्षा चांगलं साधन गाडीतच आहे, ते म्हणजे ब्रेकचं पेडल. होज अजून जोडलेला आहे, तेव्हा पॅड काढून कॅलिपरच्या जबड्यात लाकडाचा तुकडा ठेवा, इतका जाड की पिस्टन पुरता बाहेर पडणार नाही. मग मदतनीसाला पेडल हळूहळू दाबायला सांगा. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर पॅडसह जागेवर असलाच पाहिजे, नाहीतर तिथलाही पिस्टन बाहेर येईल. जाम झालेला पिस्टन या दाबाने बहुधा सुटतो. मास्टर सिलिंडरच्या डब्यातली पातळी बघत राहा, कारण ५४ मिलीमीटरचा पिस्टन ३० मिलीमीटर पुढे आला की जवळजवळ ६९ मिलीलिटर ऑइल खातो. डबा रिकामा झाला तर हवा एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकपर्यंत जाऊ शकते, आणि ती काढायला पुढे स्कॅनर लागू शकतो.

जुन्या गाडीत पेडल तळाला टेकेपर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील रोज जात नाही तिथे गाळ आणि गंज साचतो, आणि एका खोल दाबाने तिथली सील फाटू शकते. पेडलखाली लाकडाची चकती ठेवली की हा धोका टळतो.

पिस्टन जवळजवळ पूर्ण बाहेर आला की थांबा. खाली भांडं ठेवा, बँजो बोल्ट काढा, होजचं तोंड स्वच्छ रबरी बुचाने बंद करा. पेडल लाकडाने किंचित दाबून अडवून ठेवलं तर मास्टर सिलिंडरमधून ऑइल खाली येणं बंद होतं, गळती जवळपास थांबते. मग पिस्टन हाताने फिरवत ओढून काढा. पक्कड लावू नका.

पिस्टनवरचा निर्णय

पिस्टन पुसून उजेडात धरा आणि नखाने सावकाश चाचपा. नख अडलं की तो पिस्टन बदलायचा. क्रोमच्या पिस्टनवर गंजाचे खळगे पडतात, आणि खळगा एमरी पेपरने घासून जात नाही. घासताना क्रोमचा थरच जातो आणि खालचं पोलाद उघडं पडून लवकर गंजतं. वरवरचे डाग, चिकटलेलं काळं ऑइल किंवा नख न लागणारी रेघ मात्र स्वच्छ कापडाने, गरज पडल्यास फार बारीक पॉलिश पेपरने आडवी, म्हणजे पिस्टनच्या घेराच्या दिशेने पुसायला हरकत नाही. लांबीच्या दिशेने घासलं तर ओरखड्यातून ऑइल बाहेर झिरपतं. फेनॉलिक म्हणजे टणक प्लॅस्टिकच्या पिस्टनला तडा, टवका किंवा फुगीरपणा असेल तर तो सरळ बाद.

गंज कुठे आहे याला फार महत्त्व आहे. पॅड झिजत जातात तसतसा पिस्टन हळूहळू बाहेर येतो. बूट फाटलेला असेल तर बाहेर आलेला भाग पावसात गंजतो, आणि ब्रेक तरीही चालत राहतो. मग नवे पॅड बसतात, त्यासाठी पिस्टन पूर्ण आत ढकलला जातो, आणि तो गंजलेला भाग सीलमधून आत जातो. नवे पॅड घातल्यावर महिन्याभरात ब्रेक चिकटायला लागले, ही तक्रार बहुतेकदा इथून येते आणि दोष मात्र पॅडला दिला जातो. म्हणून पॅड बदलतानाच बूट तपासायची सवय लावून घ्या. पिस्टन आत ढकलताना निपल उघडून नळीतून ऑइल बाहेर काढायची पद्धतही चांगली, कारण कॅलिपरमधलं सगळ्यात मळकं ऑइल उलटं एबीएसकडे जात नाही.

खाच, जिथे खरी चूक होते

बूट आणि चौकोनी सील लाकडी काडीने किंवा पितळेच्या टोकाने काढा. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खाचेच्या कडेला ओरखडा पडला तर तिथूनच गळायला लागतं.

कॅलिपरच्या नळकांड्याचा आतला पृष्ठभाग लोक आरशासारखा चकचकीत करायच्या मागे लागतात. त्याची एवढी गरज नसते. सील खाचेत स्थिर बसतं आणि घासतं ते पिस्टनवर, नळकांड्यावर नाही. सगळं लक्ष खाचेवर हवं. बिडाच्या कॅलिपरमध्ये खाचेच्या तळाशी गंज धरतो आणि सीलला मागून पुढे दाबतो. सील पिस्टनवर गच्च बसतं आणि त्याला पिळवटायला, परत यायला जागाच उरत नाही. नवं सील तशा खाचेत घातलं तर पिस्टन हाताने आत ढकलतानाच जड जातो. बुटाच्या खाचेतला गंज तसाच बुटाची कड बाहेर काढतो आणि पाणी आत शिरायला वाट करतो.

खाच साफ करायला मी पितळेचा बारीक ब्रश आणि टोक बोथट केलेली पितळी पट्टी वापरतो, मध्ये मध्ये ब्रेक क्लीनर मारत. खाचेचा आकार बदलेल असं काही कापत नाही, फक्त साचलेलं सुटेपर्यंत घासतो. बॅटरी आत धरून तळाशी धातूचा एकसारखा रंग दिसेपर्यंत घासत राहा. या एका कामाला एका कॅलिपरसाठी वीस-पंचवीस मिनिटं गेली तरी ती सत्कारणी लागतात. गंजाने खाचेची कडच खाल्ली असेल तर मात्र तो कॅलिपर दुरुस्तीच्या पलीकडे गेला, नवा आणा.

शेवटी ऑइल येण्या-जाण्याची भोकं आणि निपलचं भोक क्लीनरने मोकळं करा, सगळं पूर्ण वाळू द्या. डोळ्यांवरचा चष्मा इथे काढू नका, क्लीनर भोकातून उलटा तोंडावर येतो.

पिस्टन परत बसवणं

टेबलावर स्वच्छ कागद पसरा, हातमोजे बदला. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवा आणि बोट सगळीकडून फिरवून ते कुठे पिळलं नाही ना ते बघा. संचासोबत जोडणीची खास पेस्ट आली असेल तर ऑइलऐवजी ती लावा.

बुटाची जात दोन प्रकारची असते. ज्याची बाहेरची कड कॅलिपरच्या खाचेत बसते, त्याला आधी पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवून घ्या, असा की बूट त्या टोकाच्या पुढे लोंबेल. मग बाहेरची कड बोटाने पूर्ण वर्तुळभर कॅलिपरच्या खाचेत घाला आणि त्यानंतर पिस्टन सीलमध्ये ढकला. पिस्टन तळाला गेला की बुटाची आतली कड पिस्टनवरच्या खाचेत आपोआप पडते. पहिल्या वेळी यात दोन-तीनदा बूट निसटतो, तेव्हा घाई करू नका. धातूच्या कड्याचा बूट असेल तर पिस्टन आधी आत घालून मग तो एकसारख्या दाबाने ठोकून बसवायचा असतो.

पिस्टनला ऑइल लावून तो अगदी सरळ धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबा. सुरुवातीला सीलमध्ये शिरताना थोडा विरोध होतो, पुढे तो गुळगुळीत सरकतो. तिरका झाला तर बाहेर काढा, हातोडी किंवा क्लॅम्पच्या जोराने घालू नका. साफ खाच, चांगला पिस्टन आणि नवं सील असेल तर हाताने तो जातोच. जात नसेल तर खाच पुन्हा बघा.

पिना आणि ब्रॅकेट

पिना घासून धातू दिसेपर्यंत साफ करा. खड्डे पडलेली पिन ग्रीसने सुधारत नाही, बदला. दोन पिना वेगवेगळ्या असू शकतात. एकीवर रबरी नळी असते किंवा एकीला चपटा भाग असतो, आणि वर-खालची जागा ठरलेली असते. म्हणून काढतानाच फोटो काढून ठेवा. पिनेच्या भोकात जुनं घट्ट झालेलं ग्रीस आणि पाणी साचतं, ते बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने काढा.

ग्रीस पातळ थरात लावा. भोक ग्रीसने भरलं की हवा आत कोंडते, पिन दाबली की परत उसळते आणि कॅलिपरला आपल्या जागी राहू देत नाही. पिन घालून दोन-चार वेळा मागेपुढे करा, बुटाची कड हलकी उचलून कोंडलेली हवा सोडा.

ब्रॅकेटवर पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांत सरकतात त्या काढून खाली बघा. तिथला गंज फुगून क्लिप वर उचलतो आणि पॅड आवळला जातो. कानस आणि वायर ब्रशने जागा सपाट करून नव्या क्लिपा घाला. पॅड बोटाने सरकला पाहिजे. पॅडचं कान घासून बारीक करायचा मोह आवरा, ब्रॅकेट साफ करणं हे बरोबर उत्तर आहे.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्या खाली गेली असेल तर डिस्क बदला. पॅडचं घर्षणाचं द्रव्य ३ मिलीमीटरच्या आसपास आलं असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड एकत्र नवे घाला. ब्रेकची पूड फुंकून किंवा हवेने उडवू नका, ओली करून पुसा.

चढवणं आणि हवा काढणं

दोन्ही कॅलिपर एकाच वेळी उतरवले असतील तर डावा-उजवा तपासा. अदलाबदल झाली तरी बहुधा बोल्ट बसतात, पण निपल खाली येतो आणि वरच्या बाजूला अडकलेली हवा कधीच निघत नाही. निपल वरच्या टोकाला असलाच पाहिजे.

बँजो बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. होजला पीळ पडला नाही ना ते स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहा. सगळे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा. पिनेचे बोल्ट ब्रॅकेटच्या बोल्टपेक्षा खूपच कमी टॉर्कचे असतात आणि निपल तर त्याहून नाजूक, तेव्हा अंदाजाने जोर लावून त्याचे आटे घालवू नका.

डबा काठाजवळ येईपर्यंत भरा. निपलवर पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. सुरुवातीला निपल उघडा ठेवून ऑइल आपोआप खाली येईपर्यंत थांबा, रिकामा कॅलिपर असा बराचसा भरतो. मग मदतनीस पेडल हळू दाबून धरतो, तुम्ही निपल पाव फेरा उघडता, पेडल खाली जातं, तुम्ही निपल बंद करता, आणि त्यानंतरच तो पेडल सोडतो. हा क्रम तोंडाने मोठ्याने बोलत करा. दाबलं, उघडलं, बंद, सोड. नळीत बुडबुडे यायचे थांबले तरी आणखी पाच-सहा वेळा करा आणि दर चार-पाच दाबांनंतर डबा भरा. कॅलिपरवर रबरी हातोडीने हलकं ठोकलं की भिंतीला चिकटलेले बुडबुडे वर येतात. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर हवा शिल्लक आहे.

एकच कॅलिपर काढला असेल आणि डबा कधीच रिकामा झाला नसेल तर त्याच चाकाची हवा काढून भागतं. मी तरी ऑइल जुनं असेल तर चारही चाकांतून बदलतो. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची तो क्रम गाडीगणिक बदलतो, पुस्तिकेत दिलेला पाळा.

गाडी हलवण्याआधी आणि नंतर

इंजिन सुरू करण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप करा. पॅड अजून डिस्कपासून दूर असतात, आणि हे न करता गाडी हलवली तर पहिल्या ब्रेकला पेडल सरळ तळाला जातं. मग इंजिन सुरू करून पेडल जोराने एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून दाब सोडतोय. बँजो, निपल आणि बुटाच्या कडेला कोरडा टिश्यू पेपर लावून बघा, ओला झाला तर गाडी बाहेर काढायची नाही.

पेडल सोडून चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका स्पर्श ऐकू येणं ठीक, पण सहज दोन-तीन फेरे फिरलं पाहिजे. चाक बसवून, नट टॉर्कवर आवळून, मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून पाहा. मग हळूहळू वेग वाढवा. नवे पॅड असतील तर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, मध्यम जोराने, मध्ये थंड होऊ देत, आठ-दहा वेळा ब्रेक लावा. त्या तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून धरून गाडी उभी करू नका.

परतल्यावर दोन्ही बाजूंच्या डिस्कचं तापमान पुन्हा ताडा. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातली पातळी, चाकाच्या आतली बाजू आणि खालची फरशी बघा. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. काढलेलं जुनं ऑइल बाटलीत बंद करून, वर नाव लिहून, जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.